बिलातलं शेवटचं युनिट कितीला पडतं?

मे महिन्याचं बिल आलं की आमच्या सोसायटीच्या जिन्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. "यंदा एसी फारसा लावलाच नाही हो!" आणि "मीटर पळतोय." मी ठाण्यात वर्तकनगरला एका जुन्या चार मजली सोसायटीत राहते. सहा वर्षं सेक्रेटरीपण गळ्यात आहे, त्यामुळे अठ्ठावीस घरांपैकी बऱ्याच घरांची बिलं कधी ना कधी माझ्या टेबलावर येऊन गेली. मीटर खरोखर पळत होता असं त्यातलं एखादंच घर निघालं. बाकीच्यांचं दुखणं वेगळं होतं. बिलाच्या पुढच्या बाजूची रक्कम सगळे वाचतात, मागची बाजू कुणी उलटून बघत नाही.

म्हणून सुरुवात तिथूनच. गेल्या मे महिन्याचं आणि गेल्या जानेवारीचं, अशी दोन बिलं काढा. कागदी नसतील तर ॲपवर मिळतील. गॅसची पावतीही जवळ ठेवा, ती पुढे लागेल.

आधी बिल वाचायचं

ठाणे आणि नवी मुंबईत वीज महावितरणची. मुंब्रा, कळवा, शीळ भागात मार्च २०२० पासून वितरणाचं काम टोरंट पॉवरकडे फ्रँचायझी म्हणून आहे, पण दर तेच, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने ठरवलेले. दादरच्या मावशीचं बिल बेस्टचं, अंधेरीच्या आत्याचं आणखी कुणाचं. त्यांच्या बिलाशी आपलं ताडून बघण्यात अर्थ नाही.

बिलावर सहा-सात ओळी असतात. स्थिर आकार तुम्ही दिवा लावा न लावा, द्यावाच लागतो. वीज आकार आणि वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणण्याचा) युनिटांप्रमाणे. इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, कधी असतो, कधी नसतो. आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क, ते सरकारजमा. म्हणजे वापरात वाचवलेला प्रत्येक रुपया प्रत्यक्षात एक रुपया सोळा पैशांचा असतो.

खरी मेख आहे स्लॅबमध्ये. घरगुती वापराचे टप्पे चार: १०० युनिटांपर्यंत, १०१ ते ३००, ३०१ ते ५००, आणि ५०० च्या वर. लोकांचा एक मोठा गैरसमज असा, की ३०१ वं युनिट झालं की सगळ्याच युनिटांना वरचा दर लागतो. तसं नाही. पहिली १०० नेहमी स्वस्तच राहतात, महाग होतात ती वरची. पण किती महाग? हिशोबापुरते मी इथे गोल आकडे घेते, वहन आकार धरून: पहिल्या टप्प्याला ६ रुपये, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला १५, चौथ्याला १७. दर बदलत असतात, त्यामुळे तुमच्या बिलाच्या मागचे आकडे घालून हाच हिशोब पुन्हा करा. पद्धत तीच राहील.

३६० युनिटं वापरणारं घर घेऊ. पहिल्या १०० चे ६००, पुढच्या २०० चे २,२००, वरच्या ६० चे ९००. झाले ३,७००. सरासरी काढली तर युनिट १० रुपयांच्या थोडं वर पडतं, आणि बहुतेक जण तोच आकडा डोक्यात धरून चालतात. पण हे घर ६० युनिटांनी खाली आलं तर वाचतात वरचेच ९००, शुल्क धरून १,०४४ रुपये. सरासरीने हिशोब करणारा माणूस म्हणाला असता, सहाशे-सातशेचा प्रश्न आहे, जाऊ दे.

त्यामुळे पंखा घ्यावा का, एसी बदलावा का, इंडक्शनवर स्वयंपाक करावा का, या सगळ्या प्रश्नांना एकच माप लावायचं: आपल्या घरचं शेवटचं युनिट कितीला पडतं? जानेवारीत ते ११ ला पडत असेल, मे महिन्यात १५ ला. पेन्सिलीने दोन्ही बिलांवर लिहून ठेवा.

बिल हातात आहे तोवर आणखी दोन गोष्टी बघा. मागील रीडिंग आणि चालू रीडिंग खरे आकडे आहेत ना? चालू रीडिंगच्या जागी अक्षरं छापलेली असतील, म्हणजे रीडिंग मिळालं नाही, मीटर रूमला कुलूप होतं वगैरे, तर ते बिल सरासरीने काढलेलं असतं. पुढच्या वेळी खरं रीडिंग आलं की फरक एकदम अंगावर येतो. दुसरं, बिलावरचा मीटर क्रमांक आणि खाली मीटर रूममध्ये तुमच्या नावाखाली असलेल्या मीटरवरचा क्रमांक एकच आहे ना? जुन्या इमारतींत रंगकाम, दुरुस्ती, वायरिंग यांत पाट्या इकडच्या तिकडे होतात. दोन मिनिटांचं काम आहे, फोटो काढून ठेवा.

मीटर रूममधला अर्धा तास

हे मी सगळ्यांना सांगते आणि करतात फारच थोडे. पण घराबद्दल जेवढं या अर्ध्या तासात कळतं तेवढं वर्षभराच्या बिलांतून कळत नाही.

मीटरवर एक छोटा लाल दिवा लुकलुकत असतो. शेजारी छापलेलं असतं, एका युनिटला किती वेळा लुकलुकणार. बऱ्याच मीटरांवर हा आकडा ३२०० असतो, आमच्याही. साधं गणित केलं तर मिनिटाला एक लुकलुक म्हणजे साधारण १९ वॅट.

याला दोन माणसं लागतात. मी खाली, मुलगा वर, फोन चालू. त्याला सांगितलं, फ्रिजचं बटण बंद कर, पंखे, दिवे, सगळं बंद कर. पण मेन स्विच राहू दे. मी खाली घड्याळ लावून उभी. मीटर रूममध्ये उकाडा, कोपऱ्यात कुणाची तरी जुनी सायकल, वॉचमनची छत्री. पहिल्या मिनिटात दिवा तीनदा लुकलुकला. सगळं बंद असताना ५७ वॅट!

"आई, आता काय बंद करू? काहीच चालू नाहीये."

"टीव्हीचं बटण भिंतीवरचं बंद केलंस का?"

रिमोटनेच बंद केला होता. भिंतीवरचं बटण पाडलं, सेटटॉप बॉक्स गेला. एका मिनिटात दोनच. मग राउटर. मग मायक्रोवेव्हचं घड्याळ. शेवटी एकच उरली ती इन्व्हर्टरची बॅटरी चार्ज होण्याची. ५७ वॅट चोवीस तास, म्हणजे महिन्याला ४१ युनिटं. आमचं मे महिन्यातलं शेवटचं युनिट १५ चं, म्हणजे शुल्कासकट सातशे रुपये, कुणीही काहीही वापरत नसताना. राउटर आम्ही ठेवला, कारण रात्री दोनला मुलाचं काय काय चालू असतं. पण टीव्ही आणि सेटटॉप बॉक्स आता भिंतीवरून बंद होतो.

मेन स्विचही पाडला तरी खाली दिवा लुकलुकत राहिला, तर मात्र मीटरपासून घरापर्यंतच्या वायरमध्ये गळती आहे किंवा कुणाची तरी वायर तुमच्या मीटरवर आहे. तिथे स्वतः हात घालू नका. परवानाधारक इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि सोसायटीला कळवा. पावसाळ्यात ओलसर भिंतींच्या इमारतींत ही गळती जिवावर बेतू शकते, पैसे बाजूलाच राहू द्या.

पुढचा आठवडा एवढंच करायचं: रात्री झोपताना आणि सकाळी उठल्यावर रीडिंग लिहायचं. रात्रीचा आकडा म्हणजे एसी, पंखे आणि फ्रिज. दिवसाचा आकडा म्हणजे बाकीचा संसार. कुठे जोर लावायचा ते आपोआप दिसतं.

पंखे

एसीला सगळे शिव्या देतात. पंख्याकडे कुणी बघत नाही, कारण तो गरीब दिसतो. साधा सिलिंग फॅन पूर्ण वेगात साधारण ७५ वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा पंखा ३० च्या आसपास. ठाण्याच्या हवेत पंखा वर्षाचे दहा-अकरा महिने चालतो. पावसाळ्यात तर माणसांसाठी कमी आणि दोरीवरच्या कपड्यांसाठी जास्त. तीन पंखे, रोज १४ तास, ४५ वॅटचा फरक: महिन्याला सुमारे ५७ युनिटं.

तुमचं शेवटचं युनिट १५ चं असेल तर ही महिन्याला शुल्कासकट हजाराच्या आतबाहेर बचत. तीन पंख्यांना नऊ हजार पडले असं धरलं तर नऊ-दहा महिन्यांत पैसे वसूल. ११ चं असेल तर वर्षभर. पंखे कमी वेगात चालवत असाल तर बचत त्या मानाने कमी, तेही लक्षात घ्या. सगळे एकदम बदलायचीही गरज नाही. ज्या खोलीत सर्वांत जास्त तास पंखा चालतो, तिथला आधी. आमच्याकडे तो सासूबाईंच्या खोलीतला. त्यांची पहिली तक्रार अशी होती की या पंख्याला आवाजच नाही, झोप कशी यायची.

एक सूचना: बीएलडीसी पंखा रिमोटवर चालतो, जुना रेग्युलेटर काढून टाकावा लागतो. बसवणाऱ्याला आधीच सांगा. आणि रिमोटला दोरी बांधा.

एसी, आणि ठाण्याची हवा

नागपूर-अकोल्याकडचे पाहुणे येतात आणि विचारतात, कूलर का नाही लावत? कारण कूलर पाण्याच्या बाष्पीभवनावर चालतो, आणि खाडीकाठच्या या दमट हवेत बाष्पीभवन होतच नाही. खोली गार होत नाही, चादर मात्र ओलसर होते. वाळ्याच्या पडद्यांचंही तेच. विदर्भातला शहाणपणा इथे चालत नाही, पैसे घालवू नका.

इथे उकडतं ते तापमानापेक्षा घामाने. म्हणून एसी २६-२७ वर आणि सोबत पंखा मध्यम वेगात, हे जमतं. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या म्हणण्याप्रमाणे एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. आम्ही रात्रीच्या रीडिंगने तपासलं: २४ वर एसीच्या रात्री साधारण ७ युनिटं, २७ वर पंख्यासकट साडेपाच-पावणेसहा. नवीन एसी सुरू करताच आपणहून २४ वर येतो, १ जानेवारी २०२० पासून तसा नियमच आहे. त्याला तिथेच राहू द्या असं कुणी सांगितलेलं नाही. पावसाळ्यातल्या चिकचिकीत ड्राय मोड, म्हणजे हवेतला दमटपणा कमी करणारं बटण, लावून बघा.

पण आमच्याकडच्या घरांत एसीची सर्वांत मोठी नासाडी खोलीत होत नाही, खिडकीबाहेर होते. बाहेरचं युनिट खिडकीच्या ग्रिलमध्ये कोंबलेलं, समोर कुंड्या, वर पावसासाठी ताडपत्री, आणि कबुतरं येऊ नयेत म्हणून चहूबाजूंनी जाळी. गरम हवा फेकायला जागाच नाही, तीच हवा ते पुन्हा ओढतं. ताडपत्री वरून ठेवा, समोरून काढा. कुंड्या हलवा. फिल्टर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवा, त्याला मेकॅनिक लागत नाही.

मेकॅनिक दर वर्षी "गॅस कमी झालाय" म्हणत असेल, तर त्याला विचारा की गेला कुठे? एसीतला गॅस वापरून संपत नाही, गळतो. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे भोकाच्या बादलीत पाणी. खाडीलगतच्या घरांत, वाशी-सीवुड्सकडे विशेष, खाऱ्या हवेने कॉइल गंजते. तिथे तांब्याची कॉइल आणि वेळेवर सफाई याला पर्याय नाही.

एसी बदलायचा असेल तर लेबलवरचा युनिटांचा आकडा वाचा. तो वर्षाला १,६०० तास धरून छापलेला असतो. समजा तीन स्टार आणि पाच स्टारमध्ये २५० युनिटांचा फरक दिसला. तुम्ही खरंच १,६०० तास वापरत असाल तर १५ च्या दराने शुल्कासकट वर्षाला ४,३५० रुपये. पण तुमच्याकडे एसी फक्त एप्रिल ते जूनच्या रात्री, असे ६०० तास चालत असेल तर सोळाशेच्या आसपास. दुकानदार पहिला हिशोब सांगतो. दुसरा तुम्ही करा.

फ्रिज, गीझर आणि बाकीचं

जुना फ्रिज विकायला जीव होत नाही, म्हणून तो गॅलरीत जातो, पाण्याच्या बाटल्या आणि फुलपुड्यांसाठी. पंधरा वर्षांचा फ्रिज दिवसाला दीड-दोन युनिटं सहज खातो, आणि गॅलरीतल्या उन्हात आणखी. म्हणजे महिन्याला पन्नासएक युनिटं, तीही सगळी शेवटच्या दराने. १५ च्या दराने त्या पाण्याच्या बाटल्या महिन्याला साडेआठशे-नऊशे रुपयांना पडतात. भंगारवाल्याला द्या. माठ आणा.

गीझरबद्दल मात्र भीती जास्त आहे. गेल्या गणपतीत आम्ही कोकणात गेलो, सहा दिवसांनी परतलो आणि पाहतो तर गीझर चालूच. नवरा आणि मी दोघं एकमेकांकडे बघतोय, कुणी विसरलं. मीटर पाहिला: सहा दिवसांत १४ युनिटं, त्यातली निम्मी फ्रिजची. पंधरा लिटरचा गीझर नुसता गरम राहायला दिवसाला साधारण एक युनिट घेत होता. सुरक्षेच्या दृष्टीने गाढवपणाच, पण बिलाच्या दृष्टीने वादळ नाही. वीस लिटर पाणी २५ वरून ४० अंशांवर न्यायला एक तृतीयांश युनिट लागतं. खर्च होतो तो शॉवरखाली पंधरा मिनिटं उभं राहण्याने. बादली घ्या, झालं. गॅस गीझर स्वस्त पडतो म्हणून बंद बाथरूममध्ये लावणाऱ्यांना मी हात जोडते. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

दिवे एलईडी झाले नसतील तर करून टाका, त्यात सांगण्यासारखं काही उरलेलं नाही.

तुमच्याकडे नवा टीओडी मीटर, म्हणजे कोणत्या वेळी किती वीज वापरली ते नोंदवणारा, बसला असेल तर एक गोष्ट पाहा. १ जुलै २०२५ पासून अशा घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५ च्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत जाहीर झाली. वॉशिंग मशीन आणि इस्त्री दुपारी करा, ठीक. पण त्यात महिन्याला हलवून हलवून तीस युनिटं हलतील, म्हणजे तीस रुपये. त्यासाठी कामावरून आलेल्या सुनेला "इस्त्री उद्या दुपारी कर" असं सांगू नका. छापील बिल नको म्हटलं की गो-ग्रीनची सूट, मुदतीआधी भरलं की आणखी थोडी. हे एकदा करून ठेवायचं आणि विसरायचं. उलट उशिरा भरलं तर सव्वा टक्का लागतो.

गॅस की इंडक्शन?

सिलिंडर वाढला की व्हॉट्सॲपवर इंडक्शनचे हिशोब फिरायला लागतात. एप्रिल २०२५ मध्ये घरगुती सिलिंडर ५० रुपयांनी वाढून मुंबईत ८५२ रुपये ५० पैसे झाला, तेव्हा आमच्या इमारतीत चार शेगड्या आल्या. त्यातल्या दोन आता कपाटावर आहेत.

हिशोब असा. १४.२ किलोच्या सिलिंडरमध्ये साधारण १८० युनिटांएवढी उष्णता असते. गॅसच्या शेगडीवर त्यातली ६० टक्क्यांच्या आसपास भांड्याला लागते, इंडक्शनवर ८५ च्या आसपास. म्हणजे एका सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर करायला सव्वाशे-एकशेतीस युनिटं लागतील. आता शेवटचं युनिट आठवा. ६ रुपयांचं असेल तर शुल्कासकट ८८० च्या आसपास, त्या ८५२ च्या सिलिंडरशी जवळजवळ बरोबरी. ११ चं असेल तर सोळाशे. १५ चं असेल तर बावीसशे! महिन्याला ७०-८० युनिटं वापरणाऱ्या एकट्या-दुकट्या माणसालाही इंडक्शन जेमतेम परवडतं, कारण त्याचीही पुढची युनिटं लगेच दुसऱ्या टप्प्यात शिरतात. एसीवाल्या घराने ते सिलिंडर संपल्याच्या दिवसासाठी ठेवावं. छतावर सोलर असेल तर सगळं गणित उलटतं, ती गोष्ट वेगळी.

महानगर गॅसची पाइपलाइन तुमच्या इमारतीत आली असेल तर तुलना सोपी आहे. एक सिलिंडर म्हणजे पाइप गॅसचे साधारण १८ ते १९ घनमीटर. बिलावरचा घनमीटरचा दर गुणा १८.५, आणि तो आकडा सिलिंडरच्या किमतीशेजारी मांडा. बिल दोन महिन्यांचं असतं हे विसरू नका, आमच्याकडे एकजण पहिलं बिल बघून कनेक्शन काढायलाच निघाले होते.

सिलिंडर घेणाऱ्यांनी दारात वजन करून घ्यावं. रिकाम्या सिलिंडरचं वजन त्याच्यावरच छापलेलं असतं, त्यात १४.२ मिळवा. काटा आणणं हे पोचवणाऱ्याचं काम आहे, मागायला लाजू नका. पावतीवरच्या रकमेत घरपोच धरलेलंच असतं.

स्वयंपाकघरातलं बाकी सगळं आपल्या आज्यांना माहीत होतं: डाळ-कडधान्य भिजवून, कुकरमध्ये, झाकण ठेवून, पाण्याला उकळी आली की आच कमी. ज्योत पिवळी दिसत असेल तर बर्नर चोंदलाय, टाचणीने साफ करा.

बिल खरंच चुकलंय असं वाटलं तर

प्रथम मीटरचा तारखेसह फोटो. मग १९१२ वर किंवा ॲपवरून तक्रार, आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. विभागीय कार्यालयात जाल तर अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. मीटर तपासणीची मागणी लेखी करता येते, त्याचं शुल्क भरावं लागतं. तिथे दाद लागली नाही तर ग्राहक तक्रार निवारण मंच, त्यानंतर विद्युत लोकपाल. वकील लागत नाही.

वाद चालू असताना वीज तोडतील ही धास्ती असते. विद्युत कायदा २००३ च्या कलम ५६ प्रमाणे तोडण्याआधी पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि मागितलेली रक्कम किंवा आधीच्या सहा महिन्यांच्या सरासरीप्रमाणे होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती "हरकत नोंदवून" भरली तर वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. याच कलमाखाली दोन वर्षांपेक्षा जुनी थकबाकी, जी मधल्या काळात बिलात सलग दाखवलेली नाही, ती वसूल करता येत नाही.

एप्रिल-मेमध्ये एक वेगळंच बिल येतं, त्याला बघून दर वर्षी दोघं-तिघं धावत येतात. ते वाढीव सुरक्षा ठेवीचं. वर्षभराचा वापर वाढला की ठेवही वाढते, सरासरी दोन महिन्यांच्या बिलाइतकी. ती तुमचीच रक्कम आहे, तिच्यावर व्याज मिळतं आणि ते बिलात वळतं होतं. तेव्हा त्या मागणीवर राग काढू नका, पण वर्षातून एकदा व्याज जमा झालंय ना, ते बघा.

सोसायटीचा मीटर

आता ज्या मीटरकडे कुणाचंच लक्ष नसतं, तो. पंप, लिफ्ट, जिन्यातले दिवे यांचं कॉमन बिल मेंटेनन्समधून जातं, म्हणून ते आपलं वाटत नाही. पण त्यालाही स्लॅब तेच. एका मीटरवर अख्ख्या इमारतीचा पंप, त्यामुळे पहिली ५०० युनिटं आठ-दहा दिवसांत संपतात आणि उरलेला महिना सगळ्यात महाग दराने जातो. अख्ख्या इमारतीतलं सर्वांत महाग शेवटचं युनिट इथे आहे.

आमचं कॉमन बिल एका वर्षी फुगत गेलं. लिफ्ट नाही, दिवे तेच. शेवटी वॉचमनला वही दिली, रोज पंप कधी लावला, कधी बंद केला ते लिहायला. पंधरा दिवसांत कळलं, पंप रोज तासभर जास्त चालतोय. गच्चीवरच्या टाकीचा फ्लोट अडकला होता आणि रात्री पाणी ओव्हरफ्लो होऊन पागोळीच्या पाइपातून गटारात जात होतं. वर्षभर आम्ही पाणी आणि वीज दोन्ही विकत घेऊन गटारात सोडत होतो. दुरुस्ती साडेतीनशे रुपयांत झाली. त्यामुळे सोलरच्या गोष्टी करण्याआधी वही घाला.

मग सोलर. पीएम सूर्यघर योजनेत स्वतःचं छत असणाऱ्या घराला पहिल्या दोन किलोवॅटना ३०,००० प्रमाणे, तिसऱ्याला १८,०००, म्हणजे जास्तीत जास्त ७८,००० रुपये मिळतात. फ्लॅटवाल्यांना छत स्वतःचं नसतं, पण सोसायटीला कॉमन वापरासाठी किलोवॅटमागे १८,००० मिळतात. दहा किलोवॅटला साधारण हजार चौरस फूट बिनसावलीची गच्ची लागते आणि आपल्याकडे महिन्याला सरासरी १,२०० युनिटं निघतात, पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. कॉमन वापर १,५०० युनिटांचा असेल तर वाचतात ती वरची: हजार १७ च्या दराने, दोनशे १५ च्या. महिन्याला वीस हजार. हा आकडा हातात घेऊन तीन जणांकडून दरपत्रकं मागवा.

क्रम असा ठेवा. आधी सर्वसाधारण सभेत ठराव. मग राष्ट्रीय पोर्टलवर सोसायटीच्या नावे अर्ज. ठेकेदार नोंदणीकृत आहे ना ते तिथेच पाहा, आणि पॅनेल देशात बनलेल्या सेलची आहेत हे करारात लिहून घ्या, नाहीतर अनुदान बसत नाही. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारा) बसेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. गच्चीचं वॉटरप्रूफिंग आधी करून घ्या, नंतर नाही, आणि स्लॅबला भोकं पाडणार की काँक्रीटच्या ठोकळ्यांवर उभं करणार ते विचारा. ठाण्याच्या पावसात गळती लागली की वरच्या मजल्याचे चार सभासद दर सभेला तोच विषय काढतात, अनुभव आहे.

आणि करारावर सही करण्याआधी गच्चीवर जाऊन दक्षिणेकडे आणि पश्चिमेकडे बघा. शेजारची सोसायटी रीडेव्हलपमेंटला गेली आहे का, किती मजले मंजूर झालेत, त्यांच्या सेक्रेटरीला फोन करून विचारा. आमच्या दक्षिणेला चार मजली इमारत पाडून बावीस मजल्यांची उभी राहतेय. आम्ही दहा किलोवॅटऐवजी सहा घेतलं, आणि सगळी पॅनेलं उत्तरेच्या कठड्यालगत मांडली.